सहाव्या टाकीचे शंभर

गुरुवार उजाडला की तो मावळेपर्यंत रेलीन डिरीनला चैन नसायचं, आणि तिचा नवरा गार्थ मात्र गुरुवारीच खरा जागा व्हायचा. बाकीचे सहा दिवस त्याचं काहीही हरवायचं. चष्मा, गाडीची किल्ली, शेजारणीचं नाव, निम्म्यावर आलेलं वाक्य. गुरुवारी तो पाचला उठायचा, गुळगुळीत दाढी करायचा, जुन्या पायजम्याचं मऊ फडकं घडी घालून वरच्या खिशात ठेवायचा आणि बाहेर अंगणात हिमाने पांढऱ्या झालेल्या गवतावर उभं राहून ओरडायचा, "चल गं म्हातारे! पोरं वाट बघतायत."

पोरं म्हणजे सॅल्मन माशांची पिल्लं. ओल्ड मिल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी, डोंगराच्या सावलीत, हॅचरीची, म्हणजे माशांची पिल्लं वाढवण्याच्या कारखान्याची, लांबलचक शेड होती. आत नऊ गोल टाक्या आणि एकेका टाकीत चाळीस-बेचाळीस हजार पिल्लं. वीतभर झाली की ती समुद्रातल्या पिंजऱ्यांत जायची. हे दोघं नवरा-बायको तिथेच कामाला होते. ती पिल्लं निवडायची, त्यांना लस टोचायची, मोजायची. तो प्रोब सांभाळायचा.

आता प्रोब म्हणजे काय, तर टाकीच्या पाण्यात बुडवलेली एक काळी कांडी. तिच्या टोकाला टोपी, टोपीवर गुलाबी ठिपका. पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलेला आहे ते हा ठिपका ओळखतो आणि भिंतीवरच्या पेटीला कळवतो. इतक्या दाटीत पिल्लांना पाण्यातला ऑक्सिजन पुरत नाही, वरून नळीने सोडावा लागतो. कमी पडला की पेटी नळीची झडप उघडते, भरपूर झाला की बंद करते. पेटीला स्वतःची अक्कल नसते. कांडी म्हणेल ती पूर्व दिशा.

आणि कांडीवर आठवड्याभरात बुळबुळीत थर चढतो. तो पुसला नाही तर ती खोटं बोलायला लागते. म्हणून दर गुरुवारी गार्थ एकेक प्रोब पाण्याबाहेर काढायचा, मऊ फडक्याने बाळाचं नाक पुसावं तसा पुसायचा, आणि तळाला थोडं पाणी असलेल्या बादलीत अधांतरी टांगून ठेवायचा. ओल्या हवेत प्रोबने बरोबर शंभर दाखवायला हवेत. दाखवले तर तो शहाणा. मग पुन्हा पाण्यात. एवढा वेळ पेटीचं 'होल्ड'चं बटण दाबून ठेवायचं, नाहीतर पेटीला वाटायचं की टाकीतच शंभर झाले, आणि ती झडप बंद करून मोकळी व्हायची.

होल्ड दाबला की काढायला माणूस विसरतो, आणि तोवर पेटी कांडीचं काही ऐकत नाही. पूर्वी एकदा कुणीतरी विसरला होता, तेव्हापासून गार्थने नियमच घालून दिला. पेटीखाली दोरीवर कपड्यांचा पिवळा चिमटा. होल्ड दाबलास की चिमटा स्वतःच्या कॉलरला लाव. होल्ड काढलास की चिमटा परत दोरीवर. कॉलरला चिमटा असलेल्या माणसाने चहाला यायचं नाही, आला तर त्याला हाकलून द्यायचं, मग तो मॅनेजर का असेना. मुख्य ऑफिसातले लोक येऊन हसून गेले. "एवढ्या महागड्या यंत्राला चिमटा?" गार्थ म्हणाला होता, "यंत्राला नाही साहेब, माणसाला."

तोच गार्थ एप्रिलमध्ये दोन नंबरच्या टाकीचा होल्ड काढायला विसरला. चिमटा कॉलरला तसाच, आणि हा शौचालयाच्या दाराशी उभा, आपण इथे कशाला आलो ते आठवत. रेलीनने पाहिलं, धावत जाऊन होल्ड काढला, चिमटा त्याच्या कॉलरचा काढून दोरीला लावला. कुणाला पत्ता नाही. तिला वाटलं, होतं एखादवेळी. मे महिन्यात त्याने प्रोबच्या टोपीवर स्पिरिट चोळलं. नवशिक्या पोरालाही माहीत असतं की स्पिरिटने ठिपका जळतो. तिने कपाटातली नवी टोपी काढून चढवली आणि जुनी गाडीच्या सीटखाली दडवली. जुलैत तो एका संध्याकाळी घरी म्हणून निघाला आणि अकरा वर्षांपूर्वी विकलेल्या घराच्या फाटकाशी जाऊन, कुलूप का उघडत नाही म्हणून चिडला.

हॉबार्ट शहरातल्या डॉक्टरांनी तपासणीसाठी ऑक्टोबरची तारीख दिली होती. तोवर काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. रेलीनने आपल्यापुरतं ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. दर गुरुवारी ती काहीतरी निमित्त काढून त्याच्या मागे राहायची. हातात झाडू, नाहीतर पाण्याची नळी, नाहीतर उगाच एक वही. त्याने टाकी सोडली की ही जाऊन बघायची. होल्ड निघाला का, चिमटा दोरीवर आहे का, आकडा बरा आहे का. पुढच्या टाकीला तो, मागच्या टाकीला ती. पाच महिने डोळ्यांत तेल घालून ती हे करत होती, आणि नोकरीसाठी नव्हती करत. नोकरी गेली असती तरी त्यांचं भागलं असतं. पण गुरुवार गेला असता तर गार्थ गेला असता, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. प्रोब हातात घेतला की त्याचे हात थरथरायचे थांबत. त्या चार तासांत तो तिला तिच्या लग्नातला दिसायचा. त्या चार तासांसाठी ती बाकीचे सगळे तास सोसत होती.

चुकत होती का? चुकतच होती. पण हे तिला सांगणारं कोणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

त्या गुरुवारी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सगळं सुरळीत चाललं होतं. पाच टाक्या झाल्या. रेलीन झाडू घेऊन मागे होतीच. गार्थ सहाव्या टाकीशी वाकला, होल्ड दाबला, चिमटा कॉलरला लावला, प्रोब वर ओढला. तेवढ्यात मॅनेजर पायबस दारातून ओरडला.

"रेलीन! टोचण्याचं मशीन पुन्हा अडकलंय. तुझ्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाही. ये ना दहा मिनिटं."

"आत्ता? झाडून घेते की आधी."

"अगं, ती फरशी तू मघापासून तीनदा झाडलीस! तिच्यावर जेवायला बसणारेस का?"

तिने गार्थकडे पाहिलं. तो प्रोब पुसत होता, गुणगुणत होता, कॉलरला पिवळा चिमटा होता. फार अडून बसली असती तर पायबसला शंका आली असती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं होतं. कुणी नुसतं "गार्थ कसा आहे?" विचारलं तरी तिचे कान गरम व्हायचे. ती गेली.

टोचण्याच्या खोलीतही, चहाच्या खोलीतल्यासारखाच, भिंतीवर पडदा होता, नऊ टाक्यांचे नऊ आकडे दाखवणारा. मशीनमध्ये हात घालून ती मान वळवून वळवून बघत राहिली. सहाच्या रांगेत होल्डची पिवळी खूण. पाच मिनिटं झाली, आठ झाली, खूण तशीच. तिच्या हातातून पाना दोनदा निसटला. मग दहा वाजून पाच मिनिटांनी पिवळी खूण गेली आणि आकडा आला. शंभर.

काढला. स्वतःहून काढला! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाकीच्या टाक्या नव्वद, एक्याण्णव, एकोणनव्वद, आणि सहावी पूर्ण शंभर. मी नसतानाही जमलं त्याला, तिने मनात म्हटलं. मी उगाच घाबरते. औषधाविनाच सुधारतोय कदाचित. माणसाला जे हवं असतं ते आकड्यात दिसायला लागलं की तो आकड्याला दुसरा प्रश्न विचारत नाही. रेलीन तिथे एकोणीस वर्षं होती. तिने तरी विचारायला हवा होता.

मशीन सुटलं. दहाच्या चहाची वेळ झालीच होती. ती शेडमध्ये परत न जाता सरळ चहाच्या खोलीत गेली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

गार्थ आधीच येऊन बसला होता. तिची नजर पहिल्यांदा त्याच्या कॉलरवर गेली. चिमटा नव्हता. तिने खुर्ची ओढली आणि अंग सैल सोडून बसली. खाद्याचं काम बघणारा टॉड बेकरीतून शिंपल्यांच्या मसालेदार 'पाय', म्हणजे आत सारण भरून भाजलेल्या पेस्ट्र्या, घेऊन आला होता, गुरुवारी त्याचीच पाळी असायची. पायबस पण आला, बूट काढून मोजे हीटरसमोर वाळवायला लागला.

"ए पायबो, मोजे काढ तिकडे," टॉड म्हणाला. "पायची चव चालली माझी."

"माझे मोजे आहेत म्हणून तुला चव तरी कळते. नाहीतर तू शिंपलेही न चावता गिळतोस."

गार्थ हसला. "हा पायबो पहिल्या दिवशी आला ना माझ्या हाताखाली, तेव्हा प्रोब असा धरला होता, मेलेला उंदीर धरावा तसा. म्हटलं, अरे बाबा, त्याला मान आहे, मानेला धरू नकोस. तर हा मला विचारतो, चावतो का?"

"झालं, आली ती गोष्ट," पायबस म्हणाला, पण त्याला आवडत होती ती गोष्ट. "मॅनेजर झालो तरी हा माझा उंदीर काही मरत नाही."

"तू विचारलंसच तसं! आणि मी काय म्हटलं, सांग."

"तू म्हणालास, चावत नाही, पण खोटं बोलतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर दर गुरुवारी त्याचं तोंड पुसायचं."

"बरोब्बर!" गार्थने टेबलावर थाप मारली. एकही शब्द अडला नाही, एकही नाव हरवलं नाही. रेलीन त्याच्याकडे बघतच राहिली. पायचा कडक पापुद्रा तोडून त्याने तिच्या ताटलीत ठेवला, तिला कडेचा भाग आवडतो म्हणून. आवडतो हे त्याच्या लक्षात होतं. तिला इतकं बरं वाटलं की दुसरा कप चहा तिने मागून घेतला.

टॉड पाय खाता खाता म्हणाला, "सव्वादहाचं खाद्य सोडलंय सगळ्यांना. सहावीतली आज आळशी दिसतायत हां. उड्याच नाहीत."

"पोट भरलं असेल," पायबस म्हणाला.

रेलीनने कप ओठांपाशी नेला आणि त्याच्यावरून भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. एक, नव्वदवरून अठ्ठ्याऐंशी. दोन, एक्याण्णव, मग नव्वद. तीन, शहाऐंशी आणि पुन्हा अठ्ठ्याऐंशी. खाद्य पडलं की पिल्लं उधळतात, ऑक्सिजन ओढतात, आकडा खाली येतो, झडप उघडते, आकडा वर चढतो. सगळ्या टाक्यांचे आकडे हलत होते. सहा, शंभर. तिने दहापर्यंत मोजलं. शंभर. तिने पुन्हा मोजलं. शंभर.

बेचाळीस हजार जीव जेवायला बसलेत आणि आकडा जागचा हलत नाही?

कप तिच्या हातून सुटला की तिने टाकला, ते तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. खुर्ची उलथून ती दारातून पळाली. मागून पायबसचं "काय झालं?" ऐकू आलं. अंगण ओलांडताना तिचा पाय चिखलात घसरला, गुडघा फुटला, ती उठून तशीच धावली. देवा, नको. ती एवढंच म्हणत होती, नको, नको, नको.

शेडमध्ये शिरताच तिला कळलं. आठ टाक्यांतून खळबळ ऐकू येत होती आणि सहावी गप्प होती.

पेटीखाली दोरीवर पिवळा चिमटा नीट लावलेला होता. होल्ड निघालेला होता. वहीत वेळ लिहून सही केलेली होती. सगळं नियमाप्रमाणे होतं. आणि प्रोब बादलीत होता, पाण्याच्या वर, हवेत, स्वच्छ पुसलेला, पेटीला सांगत असलेला की शंभर आहेत, शंभर आहेत. पेटीने झडप घट्ट बंद केली होती, अर्ध्या तासापासून.

टाकीत पिल्लं पाणी आत येणाऱ्या नळाच्या तोंडाशी एकावर एक दाटली होती, थरावर थर, तोंडं वासून. त्यांच्या मागचं पाणी रुपेरी झालं होतं. ती सगळी वर आलेली पोटं होती.

रेलीनने बादलीतून प्रोब ओढला आणि टाकीत फेकला. भिंतीवरचा आकडा कोसळायला लागला. ब्याऐंशी. साठ. एकेचाळीस. सव्वीस. भोंगा वाजायला लागला, लाल दिवा फिरायला लागला, आणि झडप उघडल्याचा फुस्सकन आवाज आला. आता! आता शहाणपण सुचलं त्या पेटीला!

"बाजूला हो!"

गार्थ होता. तो धावत आला आणि एका नजरेत त्याने सगळं पाहिलं. "टॉड, खाद्य बंद! सगळ्या टाक्यांचं! पायबो, भिंतीवरचा मोठा लाल व्हॉल्व्ह, डावीकडे, पूर्ण फिरव, घाबरू नकोस! रेली, दगड!" ऑक्सिजनचे दगड म्हणजे नळीच्या टोकाला लावलेले सच्छिद्र काळे ठोकळे, अडीनडीसाठी भिंतीला टांगलेले. तिने चारही ओढून आणले. गार्थ बुटांसकट टाकीत उतरला, कमरेपर्यंत बर्फासारख्या पाण्यात, आणि एकेक दगड जिथे पिल्लं दाटली होती तिथे नेऊन ठेवला. पाणी पांढरं फसफसलं. तो हातांनी पिल्लांना फेसात ढकलत होता. "चला रे, चला माझ्या राजांनो, श्वास घ्या, घ्या ना!" त्याचा आवाज फाटला होता. त्याची एकही हालचाल चुकत नव्हती. रेलीन काठावर वाकून दोन्ही ओंजळींनी पिल्लं फेसाकडे लोटत होती आणि ती तिच्या बोटांमधून ओल्या पानांसारखी निसटून उलटी होत होती. आकडा तीसवर आला, पस्तीसवर आला. ज्यांना तो उपयोगी पडायचा होता त्यांतली बरीचशी आधीच गेलेली होती.

पाऊण तासाने पायबस म्हणाला, "बस आता, गार्थ. बाहेर ये. ओठ निळे पडलेत तुझे."

नळाशी अजून काही हजार हलत होती. पाच, फार तर सहा. बाकीची पाण्यावर पसरली होती, इतकी की पाणी दिसत नव्हतं.

त्यांनी गार्थला बाहेर ओढलं, टॉडने स्वतःचा कोट त्याच्या अंगावर टाकला. तो थंडीने आणि रागाने कापत होता. बादलीपाशी जाऊन त्याने ती लाथाडली. ती फरशीवरून खणखणत भिंतीला आदळली.

"कुणी केलं हे?" तो म्हणाला. "प्रोब हवेत टांगून होल्ड काढला? अरे, गाढवालासुद्धा कळतं! बेचाळीस हजार पोरं मारली, आणि वर चिमटा व्यवस्थित लावून चहाला गेला, भामटा! पायबो, कोण आहे तो? त्याला आत्ताच्या आत्ता हाकल. माझं ऐक. पुन्हा त्याच्या हातात प्रोब द्यायचा नाही. कुणी कितीही रडलं तरी द्यायचा नाही."

टॉड बुटांकडे बघत राहिला. पायबसच्या हातात वही होती, सहाव्या टाकीच्या पानावर उघडलेली. त्याने रेलीनकडे पाहिलं, आणि तिला कळलं की तो तिला जागा देतोय. ती जे सांगेल ते तो लिहील.

'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. झाडू घेऊन ती मागे होतीच, सगळ्यांनी पाहिलं होतं. मी प्रोब हलवला, माझ्याकडून राहिला. तिला काढलं असतं. गार्थ राहिला असता, त्याचा गुरुवार राहिला असता. ते अक्षर तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. आणि मग पुढच्या गुरुवारी तो या टाक्यांमधून एकटा फिरला असता, मागे कुणी नसतं. तिने बाकीच्या आठ टाक्यांकडे पाहिलं. आत उड्या चालल्या होत्या.

"गार्थ," ती म्हणाली, "आज वार कोणता?"

"गुरुवार. त्याचं काय इथे?"

"गुरुवारी प्रोब कोण पुसतं?"

"मी पुसतो. म्हणून तर म्हणतोय, माझ्या कामात कुणी हात..." तो थांबला. तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायबसच्या. मग हात पुढे केला. "ती वही दे."

पायबसने दिली नाही, तेव्हा त्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. चष्मा ओला होता. तो सावकाश पुसून, पुन्हा लावून, त्याने पान वाचलं. बोट ओळीवरून फिरवत वाचलं, दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तसं.

"अक्षर माझं आहे," तो म्हणाला.

"हो."

"मला आठवत नाही, रेली."

"मला माहीत आहे."

भोंगा कुणीतरी बंद केला होता. नळीतून ऑक्सिजन सुटत असल्याचा तेवढा आवाज येत होता. गार्थच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि रेलीनला वाटत होतं की तो आता रडेल, आणि ती त्याला जवळ घेईल, आणि निदान तेवढं तरी तिला करता येईल. तो रडला नाही.

"पहिल्यांदाच?" त्याने विचारलं.

इथेही खोटं बोलता आलं असतं.

"नाही."

"कधीपासून?"

"एप्रिल. दोन नंबरचा होल्ड. मग टोपी जाळलीस एकदा. मग... मी मागून येऊन बघायची. दर गुरुवारी. सगळं नीट करून ठेवायची. कुणाला कळू नये म्हणून. तुलासुद्धा." तिचा आवाज फुटला. "तुझं एवढंच राहिलं होतं रे. हे पण कसं काढून घेऊ?"

त्याने बोटांवर मोजलं. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. मोजताना तो कुठेही चुकला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"तर तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"प्रोब खोटं दाखवायला लागला, पुसूनही सुधारला नाही, तर आपण काय करतो?"

"गार्थ, नको."

"सांग ना. एकोणीस वर्षं आहेस इथे. काय करतो?"

"बाहेर काढतो," ती पुटपुटली.

"आणि तू पाच महिने पाण्यात ठेवलास." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "माझ्याकडे बघून ठेवलास. त्यांच्याकडे नाही बघितलंस."

पायबस म्हणाला, "गार्थ, जाऊ दे, तिने तुझ्यासाठीच..."

"तू गप्प बस, पायबो. तू मॅनेजर आहेस, तुलाही दिसायला हवं होतं." त्याने वरच्या खिशातून फडकं काढलं. ते चिंब झालं होतं. पिळून, झटकून, चार घड्या घालून त्याने ते पायबसच्या हातावर ठेवलं. "सात, आठ, नऊ राहिलेत. जेवायच्या आधी करून घे. टोपीला स्पिरिट लावू नकोस, आणि आधी प्रोब पाण्यात सोड, मगच होल्ड काढ."

मग तो भिंतीशी गेला, मोठी जाळी उचलली आणि टाकीच्या काठावर उभा राहून मेलेली पिल्लं काढायला लागला. एक जाळीभर ओढायची, पिंपात रिकामी करायची, पुन्हा ओढायची. रेलीनने दुसरी जाळी घेतली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याने तिला तिथून जायला सांगितलं नाही. तो फक्त टाकीला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेला आणि तिकडून काढत राहिला.